श्वासाची फांदी

पौर्णिमेची सुट्टी होती. चहाच्या कारखान्याचं चाक थांबलेलं, मळ्यातल्या बाया चुलीपाशी पेंगलेल्या, आणि लयनाच्या, मजुरांच्या चाळीच्या, दहाही खोल्यांतून कुणाचा साधा खोकलाही येत नव्हता. पत्र्यांवर धुकं टेकलं होतं. अशा त्या गप्प दुपारी स्टीलचा पेला सिमेंटवर ठेवल्याचा आवाज आला, टण्ण. पाठोपाठ दुसरा, जरा हलकेच.

मरगदमनं मान वळवली नाही. पहिला पेला लेकीचा, ते तिला माहीत होतं. दुसऱ्याचं विचारायचा धीर महिनाभरात झाला नव्हता.

विचारलं ते तिच्या सासूनं. "काय गं यालिनी, दोन-दोन पेले? साहेबाची मडम लागून गेलीस का?"

"एक माझा, एक तिचा," सहा वर्षांची यालिनी चहा ओतता ओतता म्हणाली. अर्धा या पेल्यात, अर्धा त्यात.

"तिचा म्हणजे कुणाचा?"

"ती गं," यालिनी आजीला म्हणाली, "पाट्टी, जिच्या केसांत माती असते ती."

सासूच्या हातातलं सूप थांबलं. तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं चुलीकडे.

यालिनीच्या आधी एक मुलगी झाली होती, हे यालिनीला कुणीही कधी सांगितलेलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ही माणसं डोंगरांपलीकडच्या पुगैमलैच्या मळ्यात होती. पोर एकोणिसाव्या दिवशी गेली. नाव एकतिसाव्या दिवशी ठेवतात, म्हणजे ती बिननावाचीच गेली. इतक्या कोवळ्या जिवाला स्मशानापर्यंत नेत नाहीत. सकाळच्या सकाळी वरच्या उतारावर चहाच्या दोन झुडपांमध्ये तिला मातीत ठेवलं. छाटणीला अडैक्कलम होता. त्यानं अख्खा डोंगर गुडघ्याएवढा छाटला आणि त्या दोनांतल्या एका झुडपाची एक फांदी उभी सोडली. पुगैमलैची रीतच ती. अशा फांदीला कोयता लागत नाही, आणि खाली कोण निजलंय ते कुणी विचारत नाही. पुढे महिन्याभरात तो मळा बंद पडला. भांडी डोक्यावर घेऊन, तीन दिवस चालत, सगळे इकडे पुदुत्तोट्टमला आले.

मरगदमनं वळून पाहिलं होतं. मोकळ्या उतारावर एकच फांदी, हात वर केल्यासारखी.

आता यालिनी वाळत चालली होती. अर्धी रोटी, अर्धं केळं, अर्धा घास. जे ताटात पडेल त्यातलं अर्धं बाजूला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून काही नाही म्हटलं आणि तांबडं औषध दिलं. त्यातलाही अर्धा चमचा रोज जमिनीवर सांडलेला असायचा. झग्याला दोनदा टीप घालून झाली होती.

शेवटी सासूनं कोडंगीला, भूतबाधा सांगणाऱ्या भगताला, बोलावलं. त्यानं डमरू वाजवला, कपाळाचा घाम पुसला आणि चार वाक्यांत निकाल दिला. थोरलीला नाव नाही, म्हणून तिला थांबायला जागा नाही. आईच्या मागे चालत आली, आता धाकटीच्या ताटात जेवते. जिथं ठेवली तिथं जाऊन मुळाशी तोंड लावून नाव सांग, म्हणजे राहील. आणि आलीस तशीच जा, पायी. चाकावर बसलीस तर ती मागे सुटेल, आणि वाट चुकलेलं पोर घरी आलेल्या पोराहून वाईट.

कोलंबोच्या दुकानातून नवऱ्याचा फोन आला. "अगं, बदुल्लाची बस आहे की! तीन तासांत पोचशील."

"ती बसमध्ये चढत नाही," मरगदम म्हणाली.

निघताना सासूनं नारळ घातलेल्या रोट्या बांधून दिल्या. "माझे गुडघे धड असते तर आले असते. नाव ठरवलंयस का?"

"नाही, मामी."

ते खोटं होतं. नाव आठ वर्षं तिच्या जिभेखाली होतं, कडू गोळीसारखं.

पहिल्या दिवशी मळ्यांमागून मळे गेले. जळवांसाठी पायांना साबण फासून दोघी चालत होत्या. खुडणीवरच्या बाया टोपलीचा पट्टा डोक्यावर सारखा करत हाका मारायच्या, "कुठं निघाली गं लेकीला घेऊन? पळून चाललीस का नवऱ्याला सोडून?"

"त्यानंच मला सोडलंय कोलंबोत जाऊन!" मरगदम ओरडून सांगायची. मग हसणं उतारावरून घरंगळत खाली जायचं, आणि वळण आलं की पुन्हा धुकं, पुन्हा पावलांचा आवाज. तो ती मोजत नव्हती. मोजायचा नाही असं ठरवूनच निघाली होती.

पण एका पाटापाशी पाणी पिताना तिच्या तोंडून निघून गेलं, "यालिनी, ती केवढी आहे गं?"

यालिनीनं आपल्या डोक्याच्या वर चार बोटं धरली.

आठ वर्षांच्या मुलीएवढी. पुढच्या चढावर मरगदमनं आणखी एक विचारलं, मग आणखी एक. दात पडलेत का तिचे? वरचे दोन. लाजते का? तू बघितलंस की लाजते. वेणी घालते? घालता येत नाही तिला, कुणी शिकवलीच नाही.

बाईनं बाजारात उसन्या डोळ्यांनी दागिने बघावेत तशी मरगदम त्या दिवशी आपल्या मेलेल्या लेकीची खबर जिवंत लेकीकडून चोरत होती. संध्याकाळ होईतो तिच्या ध्यानात आलं, की दिवसभरात आपण यालिनीला 'दमलीस का' म्हणून एकदाही विचारलं नाही.

मुक्काम खालच्या सिंहळी खेड्यात पडला, पोडि मेनिके नावाच्या म्हातारीच्या ओसरीवर. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "ये दुवे, ये," लेकीला म्हणावं तशी ती मरगदमला म्हणाली. "तुम्हा मळेवाल्यांना चढ संपतच नाही का गं कधी?" फणसाची भाजी आणि भात वाढला, आणि दिवेलागणीला चटया टाकल्या. एक मोठी, दोन लहान.

"आजी, दोघीच आहोत आम्ही."

म्हातारीचा हात चटईवरच राहिला. "असं? मला दिसत नाही बाई. मी पावलं ऐकते." तिनं तिसरी चटई उचलली नाही. नुसती सारखी केली आणि कडेला एक उशी ठेवली.

यालिनी दोन चटयांच्या मधल्या फटीत हात टाकून झोपली. मरगदम तो हात बघत पडून राहिली. तिसऱ्या चटईवर हात ठेवावा असं तिला फार वाटलं. ठेवला असता तर बहुतेक दुसऱ्या दिवशी ती माघारीच फिरली असती.

सकाळी वाटेला लागल्यावर तिच्या मनात तेच घोळत होतं. नाव नाही दिलं तर? राहील दोघींत मिळून. अर्धं अर्धं खाईल. मी जास्त रांधीन. आईला काय, दोन पोरांचं जड होतं का कधी?

दुपारी पाइनच्या रानात यालिनी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसली ती उठेना. "पाय ऐकत नाहीत, अम्मा."

मरगदमनं तिला पाठीवर घेतलं, आणि तिथंच डोक्यात लख्ख झालं. खुडणीची बाई ती. टोपलीत पंधरा किलो झालं की नाही हे तिची पाठ काट्याआधी सांगायची. त्या पाठीवर आज सहा वर्षांची मुलगी होती आणि भरल्या टोपलीएवढंही वजन नव्हतं. मागच्या तईपोंगलच्या सणाला हीच पोर उचलताना 'उतर गं भोपळ्या' म्हणावं लागत होतं.

"ती दमली नाही का?" मरगदमनं विचारलं. तिचं शेवटचं विचारणं.

"नाही. ती तर पळतेय पुढे," यालिनी तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. "तिला माहितेय घर कुठंय ते."

त्यापुढे मरगदमनं काही विचारलं नाही. पोर पाठीवर घेऊन ती अंधार पडायच्या आत दुसऱ्या मुक्कामाला पोचली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पुगैमलैच्या खिंडीत उभी राहिली.

मळा पुन्हा सुरू झाला होता, हे तिला कळलेलं होतं. जुन्या लयनाला नवा पत्रा दिसत होता. पहिल्याच खोलीबाहेर अडैक्कलम कोयत्याला धार लावत बसला होता. केस पांढरे झालेले, कंबर वाकलेली.

"तात्ता, ओळखलंत का? मरगदम मी. सोळा नंबरच्या खोलीतली."

"आवाज ओळखला." त्यानं कोयता खाली ठेवला. तिच्या पाठीवरच्या मुलीकडे, मग तिच्या मागच्या मोकळ्या वाटेकडे पाहिलं. "नाव द्यायला आलीस होय?"

"हो. फांदी आहे ना अजून?"

म्हातारा उठला आणि चढाला लागला. चालताना एवढंच म्हणाला, "आधी बघ. मग मला बोल लाव."

वरच्या उताराच्या कडेला छाटणीच्या देवाचे तीन दगड आहेत, शेंदूर फासलेले. तिथं पोचल्यावर वाऱ्यानं धुकं एका बाजूला ओढलं आणि सगळा डोंगर उघडा पडला. नुकताच छाटलेला. आणि प्रत्येक झुडपाची एक एक फांदी उभी होती.

शेकडो. हजारो. ओळीनं, वरपासून ओढ्यापर्यंत, गुडघ्याएवढ्या खोडांतून एकेक हात वर आलेला.

"नव्या साहेबाचा हुकूम," अडैक्कलम खाली मान घालून म्हणाला. "अगदी उघडं छाटलं की झाड गुदमरतं म्हणे. श्वासाला एक फांदी सोडायची. मी म्हटलं, साहेब, या डोंगरावर फांदी सोडली त्याचा अर्थ वेगळा होतो. तो म्हणाला, म्हाताऱ्या, अर्थ नको सांगूस, छाट. पोरी, पहिल्या दिवशी मी कोयता दोनदा खाली ठेवला. एकेक फांदी सोडताना वाटायचं, कुणाला पुरतोय मी?"

"तुम्हाला आठवत असेल ना? वरून कितवी ओळ?"

"आठवत होतं. सावलीची झाडं तोडली, पाट बुजवून नवा काढला. आता तेही आठवत नाही." तो रडत नव्हता, पण नाक पुसत होता.

मरगदम एका झुडपाशी गुडघ्यांवर बसली. मुळाशी तोंड नेलं. ओल्या मातीचा वास आला, नुसता मातीचा. पुढच्या झुडपाशी गेली. त्याच्या पुढच्या. चौथ्याशी तिला कळून चुकलं, की आठ वर्षं जपलेली खूण अशी डोंगरभर सांडलीय, आणि एका कानात सांगायचं नाव कुजबुजून आता पोचणार नाही.

ती देवाच्या दगडांपाशी परत आली. यालिनी तिथं मांडी घालून बसली होती. मरगदमनं पदर कमरेला खोचला, खुडणीच्या बाया खोऱ्यापलीकडे हाक मारतात तसे दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि जिभेखालचं नाव सोडलं.

"पूंगोडीऽऽ!"

समोरच्या डोंगरानं नाव परत दिलं. तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा आवाज फाटला, पण मारली. "पूंगोडी! इथंच राहा गं माझी बाय! इथंच राहा!"

तिसरं उत्तर डोंगराकडून आलं की नाही, वाऱ्यात कळलं नाही. खालच्या ओळींत फांद्या थोड्या हलल्या. वारा होताच.

अडैक्कलम डोक्याचं फडकं काढून उभा होता. मग मरगदमनं गाठोडं सोडलं, उरलेल्या दोन रोट्यांतली एक यालिनीच्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसली. बघवत नव्हतं म्हणून.

पण कानांनी ऐकलंच. रोटी मोडल्याचा आवाज. सवयीनं अर्धा तुकडा बाजूला धरलेला हात तिला डोळ्यांच्या कडेनं दिसला. हात तसाच राहिला, एक श्वास, दोन श्वास, दहा. यालिनीनं त्या बाजूला वळून पाहिलं. मागे पाहिलं. मग हळूच तो हात जवळ घेतला आणि अर्धा तुकडा आपल्याच तोंडात घातला.

पोर सगळी रोटी खाते आहे, हे बघण्यात मरगदमची सुटकाही होती आणि ती एकोणिसाव्या दिवसाची सकाळही होती, पहिल्या वेळेपेक्षा जास्त उघडी. तिनं यालिनीला मांडीवर ओढलं, तिची वेणी सोडली आणि उगीचच पुन्हा घालायला घेतली. पेड सारखे पडत नव्हते.

यालिनी गालात घास धरून डोंगराकडे बघत होती, वरच्या ओळीपासून ओढ्यापर्यंत, फांदीमागून फांदी. ओठ हलत होते. शाळेत मोजायला शिकवलं तसे. शंभरापाशी ती थांबली.

"अम्मा," तिनं घास गिळला, "मग बाकीच्यांची नावं कोण ठेवणार?"