उदाहरणाचा राग धरायचा नाही

आमच्या किनेश्मा गावाच्या वाचनालयात निवृत्त लोकांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग निघाला आणि त्यात रिम्मानं नाव घातलं, हे मला पावाच्या दुकानात कळलं. दुसऱ्या दिवशी मीही नाव घालून आले. विचारणाऱ्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले, या वयात नवी भाषा शिकली की स्मरणशक्ती टिकते. डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. माझी स्मरणशक्ती चांगली ठणठणीत आहे आणि तोच तर सगळा ताप आहे.

रिम्मा आणि मी तीस वर्षं कापडगिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होतो. गावाबाहेर दाचावरचे, म्हणजे उन्हाळी घराच्या बागेतले, आमचे वाफेही शेजारी. तरी गेली सात वर्षं आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोललो नव्हतो. कारण सांगितलं तर हसाल. सात वर्षांपूर्वी मे महिन्यात, आमच्याकडे तेव्हाही रात्री पाणी गोठतं, तिच्या काचघरातली टोमॅटोची बेचाळीस रोपं थंडीनं गेली. काचघराचं दार उघडं सापडलं आणि ते झोयानंच, म्हणजे मीच, उघडं टाकलं, असं तिनं मला साऱ्या बागवाल्यांसमोर सुनावलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही.

फिरकले होते. तिच्याकडे गुलाबी टोमॅटोचं एक वाण होतं, त्याचं नाव विचारलं की बया नुसती हसायची. रोपांना चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तेवढं नाव वाचून यावं म्हणून मी भरदुपारी आत शिरले. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली आणि मी धूम ठोकली. दार लावायचं राहिलं. आता रिम्माची मुलगी तिला मार्चमध्ये कायमची न्यूझीलंडला नेणार होती. म्हणजे ती जाणार आणि ही गोष्ट माझ्या पोटात तशीच राहणार. तिच्या दाराशी जाऊन बेल दाबायची हिंमत काही होत नव्हती.

वर्ग घेणाऱ्या इन्ना ल्वोव्ना या ग्रंथपालच. चाळिशीच्या, बारीकशा, शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. टोपीतून प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावरच्या शब्दाचं इंग्रजी वाक्य करायचं. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं पाहिजे, कारण खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही. आणि ते फक्त उदाहरण आहे, तेव्हा कुणी राग धरायचा नाही. उत्तर द्यायचंच असेल तर आपली पाळी आल्यावर, आपल्या शब्दात, इंग्रजीत.

बाईंना बिचाऱ्यांना काय कल्पना, आपण कुणाच्या हातात काय देतोय.

रिम्माला पहिलाच शब्द आला 'नेबर'. तिनं चष्मा पुसला, छताकडे बघितलं आणि सावकाश म्हणाली, माझ्या शेजारणीचे हात लांब आहेत, दुसऱ्याच्या कुंपणापलीकडे पोचतात. बाई म्हणाल्या, छान. मी म्हटलं, थांब तू. माझ्या चिठ्ठीवर होतं 'बॉरो', उसनं नेणं. मी म्हणाले, एका बाईनं माझं खिमा करायचं यंत्र एका दिवसासाठी उसनं नेलं, तेव्हा माझा मुलगा शाळेत होता, आता त्याला टक्कल पडलंय. बाई म्हणाल्या, फारच छान, किती लांब वाक्य.

पुढच्या गुरुवारी रिम्मा ते यंत्र पिशवीतून घेऊनच आली. लोखंडी धूड टेबलावर दाणकन ठेवलं. त्या दिवशी तिला 'ब्रेड' असा शब्द आला होता, तरी तिनं तो बरोबर बसवला. हे यंत्र पाव घेऊन आलेल्या बाईचं आहे, म्हणाली, त्याची पाती तेव्हाही बोथट होती. खरंच, नेहमीप्रमाणे माझ्या पिशवीतून पाव डोकावत होता. मी यंत्र ओढून मांडीवर घेतलं आणि सबंध तास तसंच धरून बसले.

मग काय, दर मंगळवारी आणि गुरुवारी आमची जुंपायला लागली. 'प्राउड' आलं, 'स्टबर्न' आलं, 'जेलस' आलं. रिम्माच्या लग्नातला माझा झगा, माझ्या मुलाच्या लग्नातलं तिचं नाचणं, गिरणीच्या सहलीत कुणी कुणाची छत्री मोडली, सगळं बाहेर निघालं. घरी मी रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत शब्दकोश उघडून बसायची, कारण शिवी द्यायची तर ती नीट लागली पाहिजे. इतका अभ्यास मी शाळेत केला असता तर मागावर उभी राहिले नसते. आमच्या वर्गात एक वेनिआमिन फोमिच होते, नदीवरच्या बोटीचे निवृत्त कप्तान. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक मासा असायचा आणि दर आठवड्याला तो वाढायचा. पण आमच्यापैकी कुणाची पाळी आली की तेही मासा विसरून वहीच्या मागच्या पानावर गुण मांडायचे. दुसऱ्या गटातले लोक आपला तास बुडवून आमच्या दारात उभे राहायला लागले. बाई सगळ्यांना सांगत फिरायच्या की ही पद्धत किती गुणकारी आहे.

मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. सात वर्षांत मी एवढी हसले नव्हते. रस्त्यात मात्र अजूनही रिम्मा समोरून आली की आम्ही फुटपाथ बदलायचो.

फेब्रुवारी संपत आला. एका मंगळवारी रिम्मा आलीच नाही. बाई म्हणाल्या, सामान बांधताहेत, चौदा मार्चचं तिकीट आहे, आता त्या दोनच तासांना येतील.  त्या दिवशी मला 'समर', उन्हाळा, आला होता आणि मला एक वाक्य सुचेना.

गुरुवारी रिम्मा आली. बाईंनी हवामानाचे शब्द काढले होते. रिम्मानं चिठ्ठी उलगडली, 'फ्रॉस्ट'. या वेळी ती छताकडे बघत बसली नाही. माझी बेचाळीस रोपं थंडीनं मारली, म्हणाली, पण थंडीला एक मदतनीस होती.  कप्तानांची पेन्सिल हातातच राहिली. माझी पाळी येण्याआधी तास संपला आणि मी सगळ्यांच्या आधी कोट चढवून बाहेर पडले.

चार दिवस मी एकच वाक्य घोकलं. मंगळवार म्हणजे पाच मार्च, तिचा शेवटचा तास. टोपी माझ्यापर्यंत आली, मी चिठ्ठी उचलली आणि उघडून बघितलीच नाही. वाक्य माझ्याकडे तयार होतं. पण आवाज फुटेना, नुसते ओठ हलले. बाकी कुणाला काही ऐकू गेलं नसेल. पण आम्ही दोघी विणकर बायका, तीस वर्षं मागांच्या खडखडाटात ओठ बघूनच बोललो. रिम्माला बरोबर समजलं.

दार मी उघडलं, मी लावलं नाही, माफ कर.

"मोठ्यानं म्हणा, झोया मात्वेयेव्ना," बाई म्हणाल्या. त्यांनी माझी चिठ्ठी उचलून वाचली. "शब्द 'स्पून' आहे. मला चमचा ऐकूच आला नाही."

"बाई," कप्तान म्हणाले, "चमचा राहू द्या."

टोपी रिम्मासमोर गेली. तिनं ती पुढे ढकलून दिली, चिठ्ठी न घेताच. हातरुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. मग इंग्रजीतच बोलायला लागली, एकेक शब्द शोधत. मी संध्याकाळी बागेत गेले. दार उघडं होतं. मातीत झोयाच्या बुटांचे ठसे होते. मी दार लावलं. रोपांवर रात्री कापड घालायचं असतं. मी घातलं नाही. टीव्हीवर मालिकेचा शेवटचा भाग होता. मी घाईत होते.

मला समजायला जरा वेळ लागला. वाक्यं सोपी होती, तरीही. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. इंग्रजी गेलं चुलीत.

"रिम्मा, मेले," मी म्हटलं, "दार तू लावलं होतंस?"

"लावलं होतं."

"आणि सात वर्षं मी त्या बागेच्या फाटकातून मान खाली घालून जातेय? मालिकेपायी?"

"तू आत शिरलीसच कशाला? आणि वर छातीवर हात ठेवून शपथा घेतल्यास. तुझं तोंड बघवेना मला. म्हटलं, ही येऊन एकदा खरं बोलू दे, मग मीही सांगते."

"सात वर्षं वाट बघत बसलीस?"

"मग तू काय करत होतीस?"

इन्ना ल्वोव्नांनी इंग्रजीत, इंग्रजीत असं दोनदा म्हणून बघितलं. मग त्यांनी टोपीतल्या उरलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि बाकीच्यांना घेऊन त्या मासिकांच्या खोलीत गेल्या. कप्तान जाईनात. त्यांना हाताला धरून न्यावं लागलं.

आम्ही तिथे भांडलो, कोट घालताना भांडलो, बर्फातून थांब्यापर्यंत एकमेकींना धरून चालत भांडलो, कारण रस्ता निसरडा होता. त्या गुलाबी टोमॅटोच्या नावाचंही तिनं अखेर सांगितलं. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं, बिया नणंदेनं वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिल्या होत्या, आणि चिठ्ठीवर तिनं नुसतं 'गुलाबी' लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, तू माणूस नाहीस. ती म्हणाली, तिकडे पोचले की मला कोण असं बोलणार, सगळे गोड बोलतात म्हणे. आणि तिनं एकदम हातरुमाल डोळ्यांना लावला. मी रडत होतेच, मला वेगळं काही करावं लागलं नाही. दोन बस आल्या आणि गेल्या, आम्ही चढलो नाही.

तिसऱ्या बसचे दिवे लांबून दिसले तेव्हा मी बोटांवर मोजलं. तिच्या जाण्याला नऊ दिवस होते. भांडण सात वर्षांचं साचलेलं, आणि आत्ताशी आम्ही मालिकेपर्यंतच आलो होतो.

"उद्या सकाळी सातला माझ्याकडे ये," मी तिला म्हटलं. "आठला नको, उशीर होईल."