लवूच्या नावाचा साकव

आमदार भागोजी कारगिलचा जवान, हे पालीच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. तीन निवडणुका त्याने एकाच गोष्टीवर मारल्या: गोळी लागलेल्या सोबती लवूला आपण पाठीवर घेऊन डोंगर उतरलो. सांगताना डोळेही पुसायचा. खरं नेमकं उलट होतं. पाठीवर होता भागोजी. त्याला खाली पोचवून लवू दुसऱ्या जखमींसाठी पुन्हा वर गेला, तो गेलाच.

हे भागोजीने सांगितलं होतं फक्त लवूच्या आईला, चिमाला. लढाईनंतरच्या पहिल्या रजेत, तिच्या मांडीत डोकं खुपसून. पुढे आमदार झाल्यावर तो तिला टरकून असे. पण म्हातारीने त्याच्यापाशी तो विषय कधी काढला नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, वाडीच्या पऱ्ह्यावर साकव घाल. पावसात आमी अडकून पडतो."

साकव झाला, चांगला सिमेंटचा पूल. त्यावर लवूच्या नावाची फरशीही बसली. फक्त तो झाला दोन मैल खाली, भागोजीच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत उतरणारा, आणि बागेला फाटक.

या श्रावणात एका सकाळी चिमाच्या छातीत कळ आली. पऱ्ह्या, एरवीचा लहानसा ओढा, दुथडी भरलेला. डोली करून माणसं खालच्या साकवाकडे धावली, तर फाटकाला कुलूप. किल्ली येईपर्यंत म्हातारी गार झाली.

दुपारी भागोजी वाडीत आला. बातमी कळताच त्याला आधी हायसं वाटलं होतं. एकच साक्षीदार, तीही गेली. लाज नंतर वाटली, तीही बेताचीच. तिरडी उचलायच्या वेळी तो खांदा द्यायला पुढे झाला.

लवूची बायको राही आडवी आली. इतकी वर्षं ती त्याला भावोजी म्हणायची.

"साहेब, सरा बाजूला. आमच्या ह्यांनी जित्या माणसाला पाठीवरनं आणलानी. तुमी मेलेल्या म्हातारीला खांदा द्यायला आलाव."

घाबरून भागोजीने भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. एकाच्याही तोंडावर नवल नव्हतं.

"आयनं कधीच सांगितलान सगळ्यांना," राही म्हणाली. "आणि बजावलान, आपल्या वाडीच्या पऱ्ह्यावर साकव होईपर्यंत तोंड मिटून ऱ्हावा. म्हणून तुमच्या सभेत टाळ्या वाजवीत होतो."

चौघांनी तिरडी उचलली. सगळी वाडी मागून निघाली. आमदाराला कुणी चला म्हटलं नाही.