मालकांच्या उशाशी

बब्रुवान दुपारी गेले. ट्रकवर असलेला मुलगा योगीराज हैदराबादेहून निघाला होता. तो येईस्तोवर मयत उचलायचं नव्हतं. द्वारकाबाई नवऱ्याच्या उशाशी बसली.

दिवस कलला आणि तिच्या पोटऱ्यांत वळवळ सुरू झाली. हाडाच्या आत मुंग्या धावाव्यात तशी. दुखत नाही, खाजत नाही, पण बसू देत नाही. तिनं दात आवळले, पाय आखडून घेतले, शेवटी उठलीच. अंगणात फेऱ्या मारल्या की थांबायचं, टेकलं की पुन्हा तेच.

"घडीभर बूड टेकंना हिचं," तिची जाऊ सिताबाई शेजारणीला म्हणाली. "जित्तेपणी जवळ बसली न्हाई, आता तरी बसावं."

एरवी द्वारकाबाईनं तिला उभी सोलली असती. पण सांगणार काय? नळदुर्गच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "मावशी, हा आजारच आहे. तुमच्या रक्तात लोह कमी पडलंय. गोळ्यांना वेळ लागेल. तोवर चाला, पाय दाबून घ्या."

गडीमाणूस बायकोचे पाय दाबतो म्हणलं, की अणदुरात त्याला पारावर कुणी बसू दिलं असतं? म्हणून रोज दिवेलागणीला आतल्या खोलीची कडी लागायची. सून वैष्णवीला वाटायचं, मामंजींची हजेरी घेणं चाललंय. द्वारकाबाई बाहेरही तशीच यायची, तणतणत.

ती पुन्हा आत आली तेव्हा वैष्णवी हळूच म्हणाली, "आत्याबाई, आत जाऊन पडता का जरा?"

"न्हाई. पोराची गाडी येईस्तोवरच माझं हायेत ते."

ती उशाशी बसली. सगळ्यांदेखत पाय पसरले, लुगडं नडगीवर ओढलं. "दाब."

वैष्णवी बघतच राहिली. पाया पडण्यापलीकडं या पायांना तिचा हात कधी लागला नव्हता. सिताबाईनं पदर तोंडाशी नेला.

"सिताबाई, नीट बघ," द्वारकाबाई म्हणाली. "हे पाय रोज ह्येंनी दाबले. जा, पारावर सांग. कुणी हसलं तरी आता त्येंना ऐकू जात न्हाई."

कुणी हसलं नाही. सिताबाईचा पदर तोंडावरून डोळ्यांकडं गेला.

वैष्णवी दाबू लागली.

"जरा खाली. आनी खाली. तितं न्हाई गं."

"कुठं, आत्याबाई?"

द्वारकाबाईनं बब्रुवानची गार बोटं हातात घेतली.

"कुठं ते मला कदी सांगावंच लागलं न्हाई," ती म्हणाली. "दाब तू. कुठंबी दाब."