समुद्रसशाला मूठभर मीठ

मित्रांनो, मी एक जुना समुद्रससा आहे. नाव ऐकून लांब कानांचा, उड्या मारणारा प्राणी डोळ्यांपुढे आणू नका. मी गोगलगायीच्या जातीचा, पण खाऱ्या पाण्यातला. पाठीवर शंख नाही. जो काही आहे तो पापुद्र्याएवढा, कातड्याच्या आत. डोक्यावरच्या दोन शिंगांमुळे कोणाला तरी माझ्यात ससा दिसला आणि नाव चिकटलं. सध्या माझा मुक्काम बीड जिल्ह्यात, युसूफ वडगावच्या वाटेवरच्या एका गावात, शाळेच्या कपाटातल्या काचेच्या बरणीत आहे. इथल्या बहुतेकांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला आहे.

माझा जन्म रत्नागिरीकडच्या खडकांत झाला. आमची अंडी पिवळ्या शेवयांच्या गुंत्यासारखी असतात; तशाच एका शेवईतून मी बाहेर पडलो. शेवाळ खायचं आणि खडकाला चिकटून राहायचं, एवढाच माझा उद्योग. कोणी छेडलं तर मी जांभळा रंग सोडत असे. आमच्या जातीला आयुष्य जेमतेम वर्षभराचं. माझं ते संपत आलं असतानाच या शाळेची सहल तिथे आली. ओहोटीच्या डबक्यात पडलेल्या मला विज्ञानाच्या सोमेश्वर सरांनी उचललं. मी होता नव्हता तेवढा रंग त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सोडला. मुलं पोट धरून हसली. त्याच दुपारी मी मेलो, आणि सरांनी मला औषधाच्या पाण्यात घालून इकडे आणलं. माझी खरी नोकरी मेल्यावर सुरू झाली म्हणा ना!

ती वर्षं मोठी मानाची होती. नवा वर्ग आला की सर मला टेबलावर ठेवत. "सर, ह्ये चावतंय का?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. विज्ञान प्रदर्शनासाठी मी एसटीने परळीलासुद्धा जाऊन आलो. सरांनी मला सारा रस्ता मांडीवर धरलं होतं. त्या रस्त्याच्या खड्ड्यांविषयी मी काही बोलत नाही.

पुढे सर निवृत्त झाले. मी वरच्या फळीवर, मोडक्या पृथ्वीगोलाच्या मागे गेलो. बरणीचं झाकण सैल झालं आणि पाणी उडू लागलं. दिवाळीनंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्या दिवसांत तर कपाटाला कोणी हातही लावत नसे. पाणी आधी माझ्या शिंगांखाली उतरलं, मग पाठ उघडी पडली. कातडं सुपारीसारखं आकसायला लागलं. उरलेलं पाणी आटलं की माझा भुसा होणार आणि कोणीतरी मला केराबरोबर लोटून देणार, हे मला दिसत होतं. मेलेल्याला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मला भीती वाटत होती.

मग गोगलगायींचं वर्ष आलं. शंखाच्या गोगलगायींनी या भागातल्या सोयाबीनवर धाड घातली. कोवळी रोपं रातोरात फस्त होऊ लागली. माणसं पहाटे बादलीत मिठाचं पाणी घेऊन रानात जात आणि गोगलगायी वेचून त्यात टाकत. मीठ लागलं की त्या फेस सोडून मरतात. नव्या विज्ञानशिक्षिका वनमालाबाई मुलांना गोगलगायींविषयी सांगत होत्या. त्यांनी मलाही खाली काढलं आणि पुसट झालेल्या चिठ्ठीच्या जागी नवी लावली, 'समुद्री गोगलगाय'. दुसऱ्या दिवशी पाण्याचं बघू, असं म्हणून मला वर्गातल्या टेबलावरच ठेवून त्या घरी गेल्या.

तेवढ्यात घोळ झाला. संगीता नावाच्या मुलीने घरी जाऊन सांगितलं, "आपल्या शाळंत बरणीत गोगलगाय ठिवलीय."

तिचे वडील आश्रुबा. त्यांचं सोयाबीन दोनदा पेरून दोनदा खाल्लं गेलं होतं. सकाळी ते रानात जाता जाता बादलीसकट थेट शाळेत आले.

"आमी येचून येचून मारायलोत, आन तुमी हितं बी जपून ठिवायलाव?" ते रिकाम्या वर्गातच गरजले. बाई अजून यायच्या होत्या. वड्याचं तेल वांग्यावर निघालं! त्यांनी झाकण काढलं, बादलीतलं पाणी माझ्यावर ओतलं आणि वर खिशातलं मूठभर मीठही टाकलं.

मित्रांनो, काय सांगू! बरणी काठोकाठ भरली. उघडी पडलेली माझी पाठ पाण्याखाली गेली. आणि ते पाणी खारं होतं. मला माझं डबकं आठवलं, भरतीचं पाणी आठवलं. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

आश्रुबा काचेला नाक लावून बघत राहिले. "ह्येला फेस कावून येईना?"

"कसा येईल?" दारातून बाईंचा आवाज आला. "आश्रुबादादा, हा समुद्रातला आहे. खारं पाणी हेच याचं घर. आणि तुमच्या सोयाबीनला यानं कधी तोंड लावलेलं नाही."

"म्हंजी मी माराया आलतो, आन ह्येला घरचं पाणी पाजून बसलो?"

बाईंना हसू आवरेना. मग आश्रुबाही हसले. त्या पावसाळ्यात ते पहिल्यांदाच हसले असावेत.

बाईंनी पाण्यात औषध घातलं, झाकण घट्ट बसवलं आणि पाण्याच्या पातळीवर लाल रेघ ओढली. पुढच्या आठवड्यात आश्रुबांनी आपल्या रानातली एक मेलेली गोगलगाय लोणच्याच्या बरणीत आणून दिली. "दोनी शेजारी ठिवा बाई. माज्यावाणी कुणाची गफलत नगं व्हायला." तेव्हापासून ती माझी शेजारीण आहे. लांबची का होईना, नात्यातली आहे. पण खादाड नातेवाइकांमुळे माणसाला काय ऐकावं लागतं ते मी जाणतो.

झेंडावंदनाला आले की आश्रुबा आमच्या वर्गात डोकावतात. शेजारणीकडे दात खाऊन बघतात. मग माझ्यापुढे वाकतात. परवा म्हणाले, "बाई, ह्येचं पाणी रेघंच्या खाली गेलंय, बगा." बाईंनी लगेच भरलं.

तुमच्याही शाळेत वरच्या फळीवर कोणी असेल. एकदा खुर्चीवर चढून बघा. त्याचं नाव वाचा, तो कुठून आला ते विचारा, आणि पाणी उतरलं असेल तर सांगा कोणाला तरी. मला मारायला आलेला माणूस आता माझं पाणी बघतो, मित्रांनो. तुम्ही तर माझं काहीच वाईट चिंतलेलं नाही.