सुटं चालायचा पूल

मोरीतला नळ कितीतरी दिवस गळत होता आणि घरचा अभियंता जेवणाच्या टेबलावर कारंज्याचं चित्र पसरून बसला होता. शहराच्या वरच्या अंगाला, मोठ्या चौकात, रंगीत दिव्यांत नाचणारं कारंजं. परदेशी पाहुणे येण्याआधी ते उडायलाच हवं, असा वरून हुकूम होता.

“यापेक्षा आपला नळ बरा,” बायको म्हणाली. “हुकमाशिवाय उडतो.”

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती अभियंत्याच्या वडिलांची थोरली बहीण. नाल्यापलीकडच्या खालच्या वस्तीत दिलेली आणि तिथल्याच शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेली. सुट्टीच्या दिवशी तीच भाच्याकडे यायची. भाचा तिच्याकडे शेवटचा कधी गेला होता, हा विषय त्या घरात निघत नसे.

पुलाचं काय झालं, असं तिने विचारलं तेव्हा भाच्याने तिला नीट समजावून सांगितलं. वस्तीच्या लोखंडी पुलाच्या जागी नवा बांधायला यंदा पैसे मंजूर होते खरे, पण कारंज्याचा खर्च वाढला होता. ते पैसे तिकडे वळवायचे तर ‘जुना पूल वापरण्याजोगा आहे’ एवढा शेरा हवा होता, आणि तो त्यानेच द्यायचा होता. निदान डागडुजी तरी कर, असं आत्या म्हणाली. तेही नियमात बसत नव्हतं. कागदोपत्री तो पूल ‘तात्पुरता’ होता, आणि तात्पुरत्या कामाला दुरुस्तीचा पैसा मिळत नाही.

“तो बांधला तेव्हा तू रांगत होतास, बाळ,” आत्या म्हणाली. “तुझे केस पिकायला लागले, पण त्याचं तात्पुरतेपण काही संपेना.”

जुन्या माणसांना आठवतं, तिथे एकेकाळी पूलच लागत नसे. घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा होता. बायका दगडांवर धुणी आपटायच्या आणि या काठाची बाई त्या काठाच्या बाईला साबणाचा तुकडा फेकून द्यायची. मग वरच्या अंगाला रुंद रस्ते झाले, त्यांचं पाणी आणि घाण खाली सोडली गेली. ओढ्याचा नाला झाला, काठ खचत खचत तो दरीसारखा खोल गेला. शहर वाढलं म्हणतात ना, ते असं वाढलं.

आत्याने वाद घातला नाही. शेरा लिहिण्याआधी एकदा मला घरापर्यंत पोचवायला ये, एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी मुक्कामाला राहिली.

सकाळी नाल्यावर धुकं होतं. दोन्ही काठांवर माणसं उभी होती, पण ढकलाढकली नव्हती, कुणी बोलतही नव्हतं. पुलावर एका वेळी एकच माणूस. तो पलीकडे टेकला की “सुटला!”, म्हणजे पूल मोकळा झाला, अशी हाळी द्यायचा, मगच दुसरा पाय ठेवायचा. लोकांची ही शिस्त पाहून अभियंत्याला कौतुक वाटलं.

तेवढ्यात एक तरुण बाई लहान मुलीला हाताशी धरून आली. पुलाच्या तोंडाशी तिने मुलीचा हात सोडला. पोर पाठीवर दप्तर घेऊन एकटीच निघाली. आईचा हात मात्र होता तसाच, किंचित पुढे राहिला. धुक्यातून बारीक आवाजात “सुटला” ऐकू आलं, तेव्हा कुठे तो खाली आला.

मग आत्या निघाली. मध्यावर तिचा पाय अडखळला आणि कुठलाही भला माणूस करील तेच भाच्याने केलं. आधार द्यायला तो तिच्या मागे धावला.

“मागे फिर!” दोन्ही काठांवरून एकच ओरडा झाला.

पूल खोल कण्हला. एका अंगाला कलला. आत्या झटकन खाली बसली, दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे मिटून. एक लोखंडी पट्टी सुटून खाली गेली आणि ती आदळल्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला. अभियंता जागीच थिजला. लोखंड कधी असा आवाज करतं हे त्याला ठाऊक होतं. तो एकेक पाऊल मागे आला. हेलकावे थांबल्यावर आत्या उठली आणि पलीकडे गेली.

रांगेतला एक म्हातारा शिंपी न रागावता म्हणाला, “वरचे दिसताय. सोबत करायची सवय तुमच्याकडची. इथे सोबत केली की दोघंही जातात. सुटं चालायचं.”

आपली पाळी आल्यावर अभियंता सुटा चालून गेला. पलीकडे पोचल्यावर हाळी द्यायची असते, हे तो विसरलाच. ती आत्यानेच दिली. घरी पोचल्यावर, हे मला कधीच का सांगितलं नाहीस, असं त्याने विचारलं. आत्याने पदराने चष्मा पुसला.

“आमच्या शाळेत पहिल्या दिवशी अक्षर नाही शिकवत, बाळ. आईचा हात सोडायला शिकवतात. मीच शिकवलं इतकी वर्षं. वाटायचं, पोरं वाचतायत. आता कळतं, त्यात तुमचीच सोय झाली. आम्ही पडलो असतो तर पूल झाला असता. आम्ही नीट चालत राहिलो, म्हणून तो वापरण्याजोगा ठरला!”

कचेरीत मोठे साहेब शेऱ्याची वाटच पाहत होते. पूल पडलाय का, नाही ना, मग घाई कसली, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे काय नाला बघायला येणार आहेत?

“पडल्यावर शेरा लागत नाही साहेब,” अभियंता म्हणाला. “पंचनामा लागतो.”

त्याने पुलाच्या कागदावरचा ‘तात्पुरता’ हा शब्द खोडला आणि ‘कायमचा’ असं लिहिलं. खाली लिहिलं, ‘धोकादायक. आजपासून बंद.’ मग नव्या पुलाचे पैसे हलवणं कुणालाच जमेना. थोड्याच दिवसांत अभियंत्याची बदली झाली, जिथे पूलही नाहीत आणि माणसंही फारशी नाहीत अशा जागी. वस्तीनेही त्याला दुवा दिला नाही. पूल बंद झाल्याने पलीकडच्या टेकडीला लांबचा वळसा घालून जाताना लोक शिव्याच देत होते. शिव्या खा, पचतात, असं आत्या त्याला म्हणाली.

कारंजं उडालं, पण एकाच रंगात. पाहुण्यांनी गाडीतूनच पाहिलं.

आणि एका लख्ख दुपारी, पाऊस नसताना, वारा नसताना, तो बंद पूल आपसूक खाली गेला. धडाका मोठ्या चौकापर्यंत ऐकू आला. लोकांनी वर आभाळाकडे पाहिलं आणि ते आपल्या कामाला लागले. पुलावर कुणी नव्हतं, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

वाचकहो, आपल्या दारात जे लागतं त्याला आपण गरज म्हणतो आणि दुसऱ्याच्या दारात जे मोडकळीला येतं त्याला तात्पुरतं. सरकार पैसा कुठे घालतं हे चौकात उभं राहून कळत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं, आणि जिथे माणसं मुकाट्याने, शिस्तीत धोका ओलांडताना दिसतील तिथे कौतुक न करता ओरडावं लागतं.

नव्या पुलाचे खांब आता उभे राहतायत. पण खालच्या शाळेची मागची भिंत अजून टेकूवर आहे. मुलांना तिच्यापासून लांब बसायला शिकवलंय, आणि मुलं फार शहाण्यासारखी बसतात.