सुकटीची शीग

अम्बरीनला घरून परवानगी मिळाली होती ती फक्त पोलादपूरच्या आठवडा बाजारापर्यंत. त्यापुढचं नाना ठरवणार होते.

सहल खरं तर चांगली लांबची होती. महाडच्या शाळेतली आठवी-नववीची मुलं दिवाळीच्या सुट्टीत प्रियदर्शिनी मॅडमबरोबर सायकलनं कोल्हापूरला निघाली होती. पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून सातारा आणि पुढे. रोज एखाद्या शाळेत मुक्काम आणि आपला स्वयंपाक आपणच करायचा. अम्बरीनचे अब्बा कुवेतला. त्यांनी फोनवर "आईला विचार" म्हटलं, आईनं "नानांना विचार" म्हटलं, आणि नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, सांगितलं, "पोलादपूरला मी बाजारात असेनच. तिथवर ये. तुला बघतो, मग सांगतो."

गनी नाना तुडीलचे. सुक्या मासळीचा धंदा. आठवड्यातून एकदा पोलादपूरच्या बाजारात ते गोणपाट अंथरून बसत. समोर सुकट, बोंबील, बांगडे, आणि त्या वासानं आजूबाजूला घुटमळणारी दोन-चार मांजरं.

अम्बरीन पोहोचली ती घामाघूम, पण ताठ. महाडपासून ती सगळ्यांच्या पुढे होती. "बघा नाना, पहिला नंबर!"

"बघितला," नाना म्हणाले. "तुडीलच्या वळणावर एस्टीशी शर्यत लावलीस तेव्हापण पहिलाच नंबर होता. सरळ भातखाचरात."

मागून आलेला अश्वजित हसून हसून हँडलवर वाकला. तो तिच्याच वर्गातला. "नाना, आम्ही तिला अजून बेडूक म्हणतो!"

"तू गप रे," अम्बरीन म्हणाली. मग नानांकडे वळून, "माझ्या पायांत ताकद आहे, नाना. घाट मी सहज चढेन."

"पायांचं मी विचारलं काय?" नानांनी टोपी नीट केली. "घाटात दरी हाय, धुकं हाय, वळणावर गाडी समोर येते. आणि तू सायकलवरनं उतरणारी नायस. बस इथं. मी नमाज पढून येतो, तवर दुकान सांभाळ. नीट मोजून दे, आणि जागा सोडू नको. आल्यावर बोलू."

अम्बरीनला आतून आनंदच झाला. दुकान सांभाळायचं म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेची तिला कधीच भीती वाटली नव्हती. मॅडम बाकीच्या मुलांना घेऊन पलीकडे भाज्या बघत होत्या. वालाच्या शेंगा, करांदे, ओली हळद. मुलं नावं विचारत होती आणि विकणाऱ्या बाया एकाला चार नावं सांगत होत्या.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी समोर येऊन बसली. आंबेनळीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतली बनुबाई. पाटीत नाचणी होती आणि वर तिचं स्वतःचं पितळी मापटं.

"गनीभाय खंय गेले?"

"नमाजला. मी त्यांची नात. काय देऊ, आजी?"

"सुकट दे. नेहमीचीच." बनुबाईनं पैसे काढले नाहीत. तिनं मापटं नाचणीनं भरलं, वर आणखी ओंजळ टाकली, नाचणीचा सुबक डोंगर झाला, कडेनं दाणे घसरायला लागले, तेव्हाच ते नानांच्या गोणीत ओतलं. तसंच दुसऱ्यांदा. दोन मापटी नाचणी, एक मापटं सुकट. हा हिशेब अम्बरीनला नानांकडून ठाऊक होता.

तिनं मापटं सुकटीनं भरलं आणि तळहात फिरवून वरून स्वच्छ सपाट केलं. सांडलेली सुकट परत टोपलीत. विज्ञानाच्या प्रयोगात करतात तसं, ना जास्त ना कमी. मग ते बनुबाईच्या पिशवीत ओतलं.

बनुबाईनं पिशवीत पाहिलं. मग अम्बरीनकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली, पाटी उचलली आणि चालू लागली.

शेजारी करांदे घेऊन कुशाबा बसला होता. त्यानं इतका वेळ तोंडात धरलेलं पान थुंकलं. "पोरी, हे काय केलंस गो?"

"काय केलं, काका? बरोबर मोजून दिलं."

"पैशाला दिलं असतंस तर बरोबर होतं. जिनसाला जिन्नस देताना शीग द्यायची. मापाच्या वर डोंगर चढवतात ना, ती शीग. आपोआप घसरायला लागली की थांबायचं, हात फिरवायचा नाय. तिनं दोनदा शीग दिली, तू ती घेतलीस. मग तुझी कुठं हाय?"

अम्बरीननं गोणीतल्या नाचणीकडे पाहिलं. "मग त्या बोलल्या का नाहीत?"

"पोराला काय बोलायचं? आणि गनीभायच्या मागं त्याच्या नातीशी भांडेल काय ती? तुझी आय शाळेत होती तवापासून घाटातल्या वाडीवरनं येते. आता पुढच्या बाजारी दुसऱ्याकडं बसेल, आणि गनीभाय विचार करीत राहील, माझं काय चुकलं."

अम्बरीन उठून उभी राहिली. बाजाराच्या टोकाला मिनीडोर रिक्षा भरून सुटली होती आणि मागच्या बाकावर बनुबाईची पाटी दिसत होती. गाडी घाटाच्या रस्त्याला वळली.

जागा सोडू नको, असं नाना म्हणाले होते. थांबलं तर ते येतील, मापाचं त्यांना कळणारही नाही, आणि कदाचित जायला हो म्हणतील. गेलं तर त्यांचं सांगणं मोडलं, आणि मग उत्तर काय येणार हे उघड होतं. अम्बरीननं सुकटीची टोपली कुशाबाकडे सरकवली.

"काका, दुकानाकडे बघाल? नाना आले तर सांगा, मी घाटाकडे गेलेय आणि परत येतेय."

"आणि ते चिडले तर?"

"चिडतीलच."

तिनं मापटंभर सुकट आणि वर दोन ओंजळी पिशवीत बांधल्या, मॅडमना गाठून धापा टाकत सगळं सांगितलं. मॅडम घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या. "एकटी नाही. अश्वजित, जा हिच्याबरोबर. वाडीच्या फाट्यापर्यंतच, आणि डाव्या कडेनं."

"मॅडम, हिच्या पिशवीचा वास!"

"वाऱ्याच्या बाजूनं चालव."

चढ लागला तशी अम्बरीन पेडलवर उभी राहिली. मागं एक कुत्रं सुकटीच्या आशेनं धावत आलं आणि अश्वजितच्या चाकाशी घोटाळायला लागलं. "हे मला बेडकाचा भाऊ समजतंय!" तो ओरडला. अम्बरीनला हसू आलं, पण तिनं वेग कमी केला नाही. वर मिनीडोर दिसत होती, वळणाआड जात होती, पुन्हा दिसत होती.

मग एका अरुंद वळणावर मागून एस्टीचा भोंगा वाजला. वळण ओलांडायला चार पेडल पुरली असती. अम्बरीननं वर पाहिलं, मागं पाहिलं, आणि सायकलवरून उतरली. सायकल कठड्याला टेकवून उभी राहिली. एस्टी घासून वर गेली. मिनीडोर तोवर दिसेनाशी झाली होती.

"गेली," अश्वजित म्हणाला.

"जाऊ दे. फाटा तर जागेवर आहे ना!"

फाट्यावर बनुबाई कठड्यावर बसून दम खात होती. समोर लाल झालेली, धापा टाकणारी पोर आणि पाठोपाठ एक पोरगा नि एक कुत्रं बघून ती उठलीच. "अगो, काय झालं? गनीभायला बरं हाय ना?"

"बरं आहे. आजी, शीग राहिली होती. मला माहीत नव्हतं."

बनुबाईनं पाटीतून आपलं मापटं काढून कठड्यावर ठेवलं. "भर. हिशेबात भर."

पिशवीतली सुकट मापट्यात गेली. अम्बरीननं वर ओंजळ टाकली, मग हळूच चिमटीनं, आणखी थोडी. डोंगर वाढला, थरथरला, आणि एका कडेनं सुकट घसरली. अम्बरीन थांबली. हात फिरवला नाही.

"आत्ता बघ कशी दिसते," बनुबाई म्हणाली. तिनं शीग तेवढी आपल्या पिशवीत घेतली आणि मापटं अम्बरीनच्या पिशवीत परत उलटं केलं. "मघाशी खालचं दिलं होतंस. माझं एवढंच राहिलं होतं. जा आता, आणि उतारावर ब्रेक धरून जा. आज्याला सांग, बनुबायनं माप भरून घेतलं."

अम्बरीन खाली आली तेव्हा नाना दुकानावर बसले होते. कुशाबा आपल्या करांद्यांवर नको इतका वाकला होता.

"जागा सोडू नको म्हटलं होतं."

"हो. सोडली." तिनं सगळं सांगितलं. तळहात फिरवल्याचंसुद्धा, स्वतःच्या हातानं पुन्हा तशी खूण करून. नाना ऐकत होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"उतरताना ब्रेक कसे मारलेस?"

"दोन्ही. थोडे थोडे, सोडून सोडून."

"चढताना कुठं उतरलीस?"

"एकदा. वळणावर. मागून एस्टी आली होती."

"खोटं नाय," अश्वजित मध्येच बोलला. "मी पण बघितलं. मला वाटलं हिची चेन पडली!"

नानांनी टोपी काढली, टोपीनंच मान पुसली आणि पुन्हा घातली. मग मॅडम येताना दिसल्या तसं मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, वर थंडी असेल. मुलांना रात्री भाकरीबरोबर सुकट करून घाला. डबा आणा."

अम्बरीननं डबा पुढे केला. नानांनी तो मापट्यासारखा गच्च भरला, वर ओंजळ टाकली, आणखी टाकली. डब्यावर डोंगर झाला, कडेनं सुकट गोणपाटावर घसरली, आणि मांजरं पुढे झाली.

"नाना, झाकण कसं लागेल?"

"ते तुझं तू बघ."

झाकण लागलं नाहीच. डबा पिशवीत घालून वरून घट्ट गाठ मारावी लागली, आणि वारा मागून होता म्हणून तिच्या पुढे सायकल लावायला कुणीही तयार होईना. शेवटी सगळ्यांनी तिलाच पुढे घातलं. घाटाच्या रस्त्याला वळताना मागून नानांची हाक आली.

"अम्बरीन! वळणावर—"

"उतरते, नाना!" ती मागं न बघता ओरडली, आणि पेडलवर उभी राहिली.