खिळ्यावरची दोरी

सून शेतात आली ती एकाच बाहीनं. दुसरी बाही खांद्यापासून उसवून निघालेली आणि दंडावर लालभडक वळ उठलेला. ऊन असं पेटलं होतं की काळ्या रानाच्या भेगांत पाय ठेवला तर चटका बसावा. तिची सासू, थोरली, कापूस वेचत होती. तिची वेचायची तऱ्हा निराळी. डावा हात मनगटापासून नव्हताच, तेव्हा थोट्या हातानं झाड छातीशी दाबायचं आणि उजव्यानं बोंड मोकळं करायचं. पंचवीस वर्षं ती असंच वेचत आली होती आणि दोन हातांच्या बायकांना मागं टाकत आली होती.

"काय गं, कामाच्या वेळेला इकडं कशी?"

"बाही गेली, आई. मशीनमध्ये."

थोरलीच्या मुठीतला कापूस खाली पडला. तिनं सुनेचा हात धरून बोटं चाचपली. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळी होती.

"कुणी वाचवलं?"

"शेजारच्या मशीनवरच्या बाईनं कमरेला मिठी मारून मागं ओढलं. बाही फाटली म्हणून वाचले."

"आणि दोरी? दोरी ओढायची सोडून मिठ्या कसल्या मारता?"

"दोरी आहे कुठं! मुकादमानं वर ओढून खिळ्याला गुंडाळून ठेवलीय, हात पोचत नाही. तुम्ही बायका उगाच ओढता, काम थांबतं, म्हणतो. आम्ही भांडलो, तर म्हणाला, नवा कायदा आलाय, दोरी ठेवायची का नाही ते आता मालक ठरवणार. जा, विचारा तुमच्या मामाला."

मामा म्हणजे थोरलीचा पाठचा भाऊ, धाकटा. आता तो खासदार होता.

गावाच्या कडेला कापसातून सरकी काढायचा कारखाना होता. गाव त्याला नुसतं जिन म्हणायचं. आत दहा मशिनी एका ओळीत, आणि डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी. कुणीही, कुठूनही ओढली की खटका पडायचा आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. ही दोरी पूर्वी नव्हती. थोरलीचा हात मशीनच्या रुळांत सापडला तेव्हा खटका पाडायला एक माणूस शेडच्या दुसऱ्या टोकाला धावत सुटला. तो पोचला तोवर पंजा गेला होता.

धाकटा तेव्हा तिथंच कापसाच्या गाठी उचलायचा. बावीस वर्षांचं पोर. त्यानं बहिणीला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी फाटकासमोर रिकामा पिंप उलटा टाकून त्यावर उभा राहिला. "दोरी लागल्याशिवाय मशीन फिरणार नाही," एवढंच बोलला. भोंगा नाही, माइक नाही, पण आवाज असा की नाल्यापलीकडच्या रानात ऐकू जायचा. एक्केचाळीस दिवस संप चालला. पोलिसांनी त्याची पाठ सोलून काढली. तो हटला नाही. ते पोर खरं होतं, हे थोरली अजूनही मान्य करायची. त्यामुळंच तर तिचा संताप आवरत नसे.

दोरी लागली आणि धाकट्याचं नाव झालं. एका जिनची संघटना बारा जिनची झाली, मग कापड गिरण्यांची, मग साऱ्या मुलखाची. तो निवडणुकीला उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला, आणि निवडून राजधानीत गेला. त्याच्याबरोबर थोरलीचा हातही गेला. प्रत्येक भाषणात हात असायचाच. गंमत अशी की भाषणागणिक तो जास्त तुटत गेला. आधी मनगट, मग कोपर. शेवटी शेवटी रेडिओवर तर थोरली खांद्यापासून थोटी झाली होती. ती चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "अजून दोन निवडणुका झाल्या की हा मला पुरूनच येईल."

आणि आता, सुनेची बाही गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो जिनमध्ये नवं मशीन सुरू करायला येणार होता.

सकाळी तो आधी बहिणीकडं आला. दारात तीन गाड्या उभ्या राहिल्या, कोंबड्या पळाल्या. पांढरे कपडे, अंगाला अत्तराचा वास. मागून चार माणसं आत शिरली आणि खोली भरून गेली. त्यातल्या एकानं खाटेवर बसायच्या आधी रुमाल अंथरला. थोरलीनं ते पाहिलं.

"ताई, तब्येत बरी ना? आज स्टेजवर माझ्या शेजारी बसायचं. मी सांगितलं की हात वर करायचा. डावा. बाही जरा मागं सारून ठेव, म्हंजे लांबच्यांना दिसेल."

"ते बघू. धाकल्या, जिनमधली दोरी वर बांधलीय."

"कसली दोरी?"

थोरली त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवायला वेळ लागला.

"अच्छा, ती! अगं, आता नवी मशिनं फार सुरक्षित असतात."

"काल सुनेची बाही गेली. जुन्याच मशीनमध्ये."

"मुकादमाला सांगतो हं."

"मुकादम म्हणतो कायदा आलाय. तो कुणी केला?"

धाकट्यानं घड्याळ पाहिलं. बरोबरच्या माणसांनी भिंतीकडं पाहिलं.

"संसदेत असे शंभर कायदे येतात ताई. पक्षाचा आदेश असतो. सगळ्यांनी हात वर केला, मीही केला. एकट्यानं विरोध करून काय होणार होतं?"

"पिंपावर एकटाच चढला होतास."

"ते दिवस वेगळे होते."

"माझा हात दाखवून तिथवर गेलास. आणि तिथं जाऊन तुझा हात कशासाठी वर केलास, तर दोरी काढायला."

"ताई, तुला राजकारण नाही कळायचं," तो समजुतीनं म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. लहान मुलाला थोपटतात तसं. याला आपण कडेवर खेळवलं, संपात आपल्या ताटातलं खाऊ घातलं, याची तिला शिसारी आली. तिनं त्याचा हात झटकला नाही. नुसती बाजूला सरकली.

गाड्या गेल्या तशी ती गोठ्यात गेली. शेळ्यांना पाला पाडायची लांब आकडी तिथं टेकवून ठेवलेली असायची. ती घेऊन, काठीसारखी टेकत, ती जिनच्या वाटेला लागली.

शेडमध्ये कापसाचा फुफाटा उडत होता. नव्या मशीनला फिती बांधल्या होत्या. पाहुण्यांना काम दिसावं म्हणून जुन्या मशिनी चालूच होत्या आणि बायका त्यांवर उभ्या होत्या, सूनही. पुढं स्टेज, माइक, कॅमेरे घेतलेले पेपरवाले. मुकादमानं जनरेटरचा खर्च वाचवायला माइक शेडच्याच लाइनीवर जोडला होता.

धाकटा बोलत होता. "याच ठिकाणी माझ्या बहिणीचा हात गेला! या इथून!" त्यानं स्वतःचा खांदा दाखवला. "त्या दिवशी मी शपथ घेतली, की माझ्या कुठल्याही बहिणीच्या केसालाही..."

थोरली स्टेजकडं गेलीच नाही. ती सुनेच्या मागं जाऊन उभी राहिली, आकडी वर केली, खिळा आणि खटका यांच्यामधल्या दोरीत अडकवली आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढली.

खटका पडला. दहाही मशिनी थांबल्या. पंखे थांबले, दिवे गेले, माइकही गेला. धाकट्याचं तोंड उघडं होतं, पण तिसऱ्या रांगेपलीकडं काही ऐकू जाईना. त्यानं आवाज चढवला, तो फाटला आणि खोकल्याची उबळ आली.

"बोल की," थोरली म्हणाली. शांततेत तिचं बोलणं साऱ्या शेडला ऐकू गेलं. "पूर्वी माइकशिवाय बोलायचास."

मुकादम धावत आला. "म्हातारे, काय केलंस! चला गं, मशिनी चालू करा!"

सून मशीनपासून एक पाऊल मागं झाली आणि तिनं हाताची घडी घातली. मग मिठी मारणारीनं घातली. मग ओळीनं सगळ्यांनी.

"दोरी खाली सोड," सून म्हणाली. "मग चालू."

स्टेजवर बसलेला मालक धाकट्याच्या कानाशी लागला. धाकट्यानं बायकांकडं पाहिलं, कॅमेऱ्यांकडं पाहिलं आणि पापणी लवायच्या आत त्याचा चेहरा बदलला. स्टेजवरून उडी मारून तो थेट शेडमध्ये आला. शिडी मागवली. कुणी नको म्हणायच्या आत स्वतः चढला, खिळ्यावरचे वेढे सोडले आणि दोरी हातात घेऊन ओरडला, "मालक, ही दोरी इथून हलली तर माझ्याशी गाठ आहे! मी जिवंत असेपर्यंत कामगारांचा हक्क कुणी काढून घेणार नाही!"

मालकानं मुकाट मान डोलावली. कॅमेरे लखलखले. धाकट्याच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या, तशा बाकीच्यांनीही वाजवल्या. ज्यानं कायद्यासाठी हात वर केला तोच आता दोरीसाठी मालकाला दम भरत होता, आणि डोळ्यांत पाणी आणून भरत होता. मिठी मारणारी बाई डोळे पुसत होती.

धाकटा शिडीवरून उतरला आणि थोरलीच्या डाव्या हाताकडं झेपावला, वर उचलायला. थोरलीनं तो पाठीमागं नेला.

"दोरी घेतलीस, फोटो घेतलास. हा हात आता नाही मिळायचा."

"ताई, लोक बघतायत," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"बघू देत."

मग त्यानं सुनेचा, वळ उठलेला हात पकडला. थोरलीनं आकडी दोघांच्या मध्ये आडवी धरली.

"सोड. तिला दोन्ही लागतात कामाला."

शेवटी त्यानं शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाचाच हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सून पेपर घेऊन आली. पहिल्याच पानावर फोटो होता, धाकटा, मुकादम आणि मध्ये दोरी. दोघंही हसत होते. वर ठळक अक्षरांत, 'खासदारांनी मिळवून दिली कामगारांची दोरी'.

"आई, तुमचं नावसुद्धा नाही यात. तुम्ही काही बोलणार का नाही?"

"दोरी हाताला येते?"

"येते. टाचा न उचलता."

"मग कामावर जा. उशीर होईल."

सून गेली. थोरलीनं फोटोकडं एकदा पाहिलं आणि दाराबाहेर जाऊन थुंकली. मग टोपली काखेला मारली आणि रानाकडं निघाली. ऊन चढायच्या आत दोन ओळी तरी वेचायला हव्या होत्या.